ऑलिव्हच्या लाकडाचा बाऊल सारखा मेणचट होतो, खवट वास येतो: कारणं आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकच असते. ऑलिव्हच्या लाकडाचा बाऊल हौसेनं आणलेला असतो, पाहुणे आले की त्यात मुरवलेले ऑलिव्ह वाढले जातात, नंतर तो धुऊन, पुसून, वर थोडं तेल चोळून ठेवला जातो. पंधरा दिवसांनी कपाटातून काढावा तर हाताला चिकटतो आणि जुन्या तेलाचा खवट वास येतो. मग पुन्हा घासायचा, पुन्हा तेल लावायचं आणि पुन्हा तेच. माझ्या घरी हे दोन वर्षं चाललं होतं. नंतर लाकडाच्या वस्तू खरादणाऱ्या एका कारागिरानं, खरादवाल्यानं, मला कारण दाखवलं, आणि त्याला आता बरीच वर्षं झाली.

नवऱ्याची नोकरी ट्युनिशियात होती, स्खिराच्या खत कारखान्यात. आम्ही राहायचो स्फाक्सला. शहराबाहेर पडलं की ऑलिव्हच्या बागा सुरू होतात आणि संपतच नाहीत. पाऊस कमी, म्हणून झाडं एकमेकांपासून 24 मीटर लांब लावलेली. हेक्टरी जेमतेम 17 झाडं. ओळी इतक्या सरळ की गाडीतून बघताना डोळे दिपतात. तिथली जात शेमलाली, बारीक फळाची, तेलासाठीची. तोडणी झाल्यावर छाटणी होते, म्हातारी झाडं निघतात, आणि त्या लाकडाचे बाऊल, खलबत्ते, चमचे, पाट बनतात. जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत दुकानांबाहेर ते रचून ठेवलेले असतात. पहिला बाऊल मी तिथूनच घेतला. दुकानदारानं मनापासून सांगितलं होतं: ऑलिव्हचं लाकूड आहे, ऑलिव्हचं तेल लावत जा. ऐकायला इतकं पटणारं होतं की मी दर आठवड्याला लावत गेले, आणि सगळी गडबड तिथेच झाली.

चिकटपणा कुठून येतो

तेलं दोन तऱ्हेची असतात. जवस, अक्रोड, टंग (टंग झाडाच्या बियांचं) ही तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू वाळतात आणि लाकडात घट्ट होऊन बसतात. ऑलिव्ह, शेंगदाणा, मोहरी ही वाळत नाहीत. लाकडाच्या रंध्रांत ती पातळ थरानं पसरतात आणि उजेड, ऊब, हवा मिळाली की खराब होऊ लागतात. बाटलीतलं तेल वर्षभर चांगलं राहतं, कारण त्याचा फार थोडा भाग हवेला लागतो. बाऊलवर चोळलेल्या चमचाभर तेलाला मात्र सगळीकडून हवा लागते. म्हणून तेच तेल लाकडावर काही आठवड्यांत खवट होतं, अर्धवट घट्ट होतं आणि मेणचट थर धरतं. पोळपाटाला शेंगदाण्याचं तेल लावून ठेवणाऱ्या घरांतही हा वास ओळखीचा असेल.

ट्युनिशियातल्या घरांत हा त्रास कमी दिसतो, याचंही कारण आहे. तिथे खलबत्ता आणि बाऊल रोज वापरात असतो, रोज धुतला जातो, जुनं तेल साठायला वेळच मिळत नाही. आपण मात्र तो शोभेला ठेवतो आणि महिन्यातून एकदा काढतो. सल्ला रोजच्या वापराचा होता, आपण तो कपाटातल्या वस्तूला लावतो.

दुसरं कारण ऑलिव्हच. मुरवलेल्या ऑलिव्हमध्ये तेल, मीठ, आंबट आणि लसूण सगळं एकत्र असतं. रात्री उरलेले ऑलिव्ह बाऊलमध्येच झाकून फ्रिजमध्ये ठेवले की हे सगळं मिश्रण आठ-दहा तास लाकडात मुरत राहतं. वरून कितीही धुवा, आत गेलेलं तेल तिथेच राहतं. हा बाऊल वाढायला आहे. साठवायला काचेची बरणी.

आधी खवटपणा काढा

वासाच्या बाऊलवर नवीन तेल लावू नका. खालचा खराब थर तसाच राहतो आणि नवं तेलही त्याच्यासोबत लवकर खराब होतं.

कडक गरम पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब आणि मऊ घासणी. तारेची घासणी नको, चरे पडतात. घासणं आणि विसळणं मिनिटभरात उरकायचं, बाऊल पाण्यात बुडवून ठेवायचा नाही. पुसून पाहा. अजून चिकट वाटत असेल तर खायच्या सोड्यात थोडं पाणी घालून दाटसर लेप करा, बोटानं गोल गोल चोळा आणि दोन मिनिटांत धुऊन टाका. सोडा जास्त वेळ राहिला तर लाकूड काळवंडू शकतं, त्यामुळे घड्याळाकडे लक्ष असू द्या. मग फडक्यानं टिपून बाऊल एका बाजूवर तिरका उभा करा, म्हणजे आतून आणि बाहेरून सारखी हवा लागेल. पालथा घातला तर आतली बाजू ओली राहते, बाहेरची वाळते आणि लाकडावर ताण येतो. एक पूर्ण दिवस जाऊ द्या.

दुसऱ्या दिवशी नाक जवळ नेऊन वास घ्या. गेला असेल तर उत्तम. राहिला असेल तर हार्डवेअरच्या दुकानातून 220 नंबरचा पॉलिश पेपर आणा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनं हलक्या हातानं घासा. पहिल्यांदा निघणारी पूड पिवळट, गोळा होणारी असते. ते जुनं तेल. कागद भरला की बदला. पूड कोरडी, पिठासारखी पडायला लागली की थांबा. मग ओल्या कापडानं एकदा पुसा, लाकडाचे बारीक तंतू उभे राहतील, ते वाळू द्या आणि परत एकदा अगदी हलका कागद फिरवा. ही शेवटची पायरी बरेच जण गाळतात आणि मग पहिल्याच धुण्यात बाऊल खरखरीत झाला म्हणतात.

मग लावायचं काय

मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते लिक्विड पॅराफिन. औषधाच्या दुकानात मिळतं, पोट साफ होण्यासाठी देतात तेच. बाटलीवर आयपी (औषधांच्या भारतीय मानकाची खूण) लिहिलेलं आणि फक्त लिक्विड पॅराफिन असलेलं बघून घ्या. मेंथॉल, सुगंध किंवा दुसरं औषध मिसळलेलं नको. लहान बाळांचं सुगंधी तेल नको. हे तेल वाळत नाही, पण खवटही होत नाही, कारण त्यात वनस्पतींच्या तेलासारखी चरबी नसते.

हातानं सढळ चोळा, विशेषतः जिथे लाकडाचा कापलेला शेव दिसतो तिथे: बाऊलच्या दोन बाजूंना, जिथे रेषा संपून बारीक ठिपके दिसू लागतात. ती लाकडाची तोंडं आहेत, पाणी सगळ्यात वेगानं तिथूनच आत-बाहेर करतं. रात्रभर ठेवा, सकाळी वर राहिलेलं कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. नव्या किंवा नुकत्याच घासलेल्या बाऊलला हे तीन-चार दिवस सलग करावं लागतं.

वर मेणाचा हात दिलात तर पाणी आणखी उशिरा आत जातं. 100 मिलि पॅराफिनला साधारण 25 ग्रॅम मधमाशीचं मेण. स्टीलच्या वाटीत दोन्ही घालून वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, त्यामुळे पाणी उकळायचीही गरज नसते. थेट गॅसवर मात्र कधीही ठेवू नका. निवल्यावर ते गावठी तुपासारखं रवाळ, मऊ होतं आणि बोटानं उचलून लावता येतं.

पॅराफिन नको असेल, झाडाचंच तेल हवं असेल तर घाण्याचं खायचं जवसाचं तेल चालतं, पण थर अगदी पातळ द्यायचा आणि वाळायला कित्येक दिवस, कधी दोन-तीन आठवडे द्यायचे. रंगाच्या दुकानातलं डबल बॉइल्ड जवसतेल स्वयंपाकाच्या भांड्यांना लावायचं नाही, त्यात लवकर वाळवणारी रसायनं असतात. आणि एक गोष्ट जिवाशी येऊ शकते म्हणून मुद्दाम सांगते: जवसाच्या तेलानं भिजलेलं फडकं चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता बाहेर पडते, गोळा केलेल्या फडक्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर मोकळं पसरून पूर्ण कडक होऊ द्या, मग टाका. अक्रोडाचं तेल सुंदर बसतं, पण घरात किंवा पाहुण्यांत कुणाला अक्रोडाची ॲलर्जी असेल तर विषयच नको. खोबरेल ऑलिव्ह तेलापेक्षा उशिरा खवट होतं हे खरं, पण त्याचा वास लाकडात राहतो आणि थंडीत वर पांढरा थर गोठतो.

तेल कधी लावायचं हे मला त्या खरादवाल्यानं शिकवलं. मी माझा चिकट बाऊल घेऊन त्याच्या गल्लीतल्या कोंदट दुकानात गेले होते. सगळीकडे पिवळी पूड, आणि त्या पुडीला मिरीसारखा, किंचित गोडसर वास. त्यानं बाऊल हातात घेतला, अंगठा आतून फिरवला, अंगठा नाकाशी नेला आणि मान हलवली. मग दुसरा एक कोरा बाऊल घेऊन त्यात बोटानं पाण्याचा एक थेंब सोडला. थेंब क्षणभर मण्यासारखा उभा राहिला, मग कडा सैल झाल्या आणि तो लाकडात गेला; मागे एक गडद ठिपका राहिला. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये आमचं बोलणं झालं ते एवढंच: थेंब पितो तेव्हा द्यायचं, पीत नाही तेव्हा राहू द्यायचं. तेव्हापासून मी आठवड्याचा हिशेब सोडला. थेंब मिनिटभर तसाच उभा राहत असेल तर तेलाची गरज नाही. जास्त लावलेलं तेलही चिकटच लागतं.

पांढरे डाग

आधी डाग नीट बघा. केसाळ, फुलासारखा असेल तर बुरशी. त्याचं खाली सांगितलंय. सपाट, खडूसारखा असेल तर ओलं बोट फिरवा. लगेच नाहीसा झाला आणि वाळल्यावर परत आला तर ते मीठ आहे. ऑलिव्ह ज्या मिठाच्या पाण्यात ठेवतात त्यात 8 ते 10 टक्के मीठ असू शकतं. ते पाणी रंध्रांत जातं, पाणी उडतं, मीठ मागे राहतं. पावसाळ्यात डब्यातलं मीठ जसं पाझरतं तसंच हे लाकडातलं मीठही हवेतलं पाणी ओढतं आणि बाऊल कधी पूर्ण कोरडा होतच नाही. कोमट साध्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं दोन-तीन दिवस रोज एकदा पुसून काढा, मधे वाळू द्या, मग तेल. आणि वाढण्याआधी ऑलिव्ह चाळणीवर पाच मिनिटं निथळून घ्या. एवढ्यानं डाग बरेचसे थांबतात.

भोकांचा लांब दांड्याचा ऑलिव्ह काढायचा चमचा असेल तर तोही बरणीत उभा ठेवू नका. लोणच्याच्या बरणीला आपण जो नियम पाळतो तोच.

ऑलिव्ह बिघडतात, त्याचं

बाऊल नीट झाला तरी खवट वास आला तर एकदा ऑलिव्हच चाखून बघा. मुरवायला वापरलेलं तेलच जुनं असतं, असं मी अनेक घरांत पाहिलं आहे. गॅसशेजारी उघड्या उजेडात ठेवलेली पारदर्शक बाटली हे त्याचं नेहमीचं कारण.

फ्रिजमधून काढल्यावर तेल पांढरट, गोठलेलं, कणीदार दिसतं म्हणून काही जण सगळंच टाकून देतात. ते बिघडलेलं नसतं. अर्धा-पाऊण तास बाहेर ठेवा, पूर्ववत होईल. तेल नसलेल्या, नुसत्या मिठाच्या पाण्यातल्या ऑलिव्हवर कधी पातळ पांढरी साय येते, ती बहुधा यीस्टची असते आणि निरुपद्रवी असते. केसाळ किंवा हिरवी, काळी, गुलाबी वाढ दिसली, किंवा झाकण फुगलं, तर मात्र न चाखता टाकून द्या.

आता खरी काळजीची गोष्ट, आणि ती आपल्याच सवयीतून येते. आपल्या डोक्यात लोणच्याचा नियम पक्का असतो: तेल वर आलं की टिकतं. कैरीच्या लोणच्यात ते खरं ठरतं, कारण कैरी आंबट असते आणि मीठ भरपूर असतं. तेल फक्त वरून हवा अडवतं. मुरवलेल्या ऑलिव्हमध्ये आपण खारटपणा कमी करायला ऑलिव्ह पाण्यात भिजवतो, म्हणजे मीठ आणि आंबटपणा दोन्ही काढून टाकतो. मग कच्चा लसूण आणि ओले पाले घालतो आणि वर तेल ओततो. हवा बंद, आंबटपणा कमी आणि खोलीची ऊब: बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू, क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम, अशाच जागी वाढतात. त्यांच्या विषाला वास नसतो, चव नसते, रंग नसतो. लसूण तेलात परतून घातला तरी त्यांचे बीजाणू, म्हणजे जंतूंचं उष्णतेला दाद न देणारं सुप्त रूप, मरत नाहीत.

त्यातही पिझ्झावरचे काळे, गुळगुळीत, सगळे एकाच रंगाचे ऑलिव्ह जास्त जपायचे. ते आंबवलेले नसतात, कॉस्टिक सोड्याचं पाणी आणि हवा यांनी काळे केलेले असतात, रंग टिकायला त्यात फेरस ग्लुकोनेट हे लोहाचं संयुग असतं, आणि त्यांचा आंबटपणा जवळजवळ नसतोच. डबा बंद असेपर्यंत उष्णतेच्या प्रक्रियेमुळे ते सुरक्षित असतात, उघडल्यावर नाही. चवीलाही ते मुरत नाहीत. मुरवायला कलामाता (गडद जांभळे ग्रीक ऑलिव्ह) किंवा मिठाच्या पाण्यातले हिरवे, बीसकट ऑलिव्ह घ्या.

माझी पद्धत आता अशी आहे. ऑलिव्ह त्यांच्या मूळ पाण्यातच फ्रिजमध्ये. लागतील तेवढेच काढायचे, खारट असतील तर अर्धा तास साध्या पाण्यात, मग निथळून त्यावर तेल, लिंबाची साल, बडीशेप, थोडे चिरडलेले धणे, असल्यास बोटभर हरिसा (ट्युनिशियातली लाल मिरचीची चटणी). लसूण हवा असेल तर पाकळी ठेचून घालते आणि ते ऑलिव्ह फ्रिजमध्येच ठेवून चार दिवसांच्या आत संपवते. बाऊलमध्ये वाढल्यापासून दोन तासांत उरलेले परत बरणीत. इतक्या थोड्या वेळात चव मुरत नाही म्हणणाऱ्यांसाठी: ऑलिव्ह सुरीच्या पात्यानं चिरडून फट पाडा, तेल आणि लिंबू आतपर्यंत जातं. ट्युनिशियात हिरवे कच्चे ऑलिव्ह याच कारणासाठी दगडानं फोडतात. तिथे त्या फटीतून कडवटपणा बाहेर काढायचा असतो, रोज पाणी बदलून आठवडा-दहा दिवस. कडू चव ओल्युरोपीन नावाच्या द्रव्याची असते आणि ते पाण्यात उतरतं.

तडे

स्फाक्सला उन्हाळ्यात सहारावरून गरम, कोरडा वारा येतो, त्याला तिथे शहीली म्हणतात. तो सुटला की तीन दिवसांत ओठ फाटतात, आणि लाकूडही. माझ्या एका बाऊलला तळापासून काठापर्यंत पहिली भेग त्याच दिवसांत गेली. खिडकीत ठेवला होता. पुण्यात आल्यावर उलटं झालं. मे महिन्यात कोरडं, जुलैत ओलं. हवेत आर्द्रता 20 टक्के असते तेव्हा लाकडात वजनाच्या साधारण 4-5 टक्के पाणी उरतं, 85 टक्के आर्द्रतेत ते 18 टक्क्यांच्या आसपास जातं. लाकूड रेषांना आडवं फुगतं आणि आकसतं. ऑलिव्हचं लाकूड जड, घट्ट आणि वेड्यावाकड्या रेषांचं असल्यामुळे हा ताण सगळीकडे सारखा पडत नाही, एका जागी फुटतो. तेल-मेण हे बदल थांबवत नाही, हळू करतं. हळू झालेला बदल लाकूड सोसतं.

म्हणून ऊन नको, गॅसची शेगडी नको, एसीचा थेट झोत नको, डिशवॉशर तर अजिबात नको. उकळतं पाणी किंवा वाफाळतं सार ओतू नका. नवा बाऊल घेताना काठावरच्या त्या ठिपक्यांच्या भागात केसासारख्या रेषा आहेत का, आणि त्यात मेण भरून झाकल्यात का, हे उजेडात तिरपा धरून बघा. लाकूड पुरतं वाळायच्या आधी खरादलेलं असेल तर तडा घरी येऊन जातोच, तुमची काही चूक नसते.

केसाएवढा तडा असेल तर बाऊल नीट वाळवून, मेण किंचित गरम करून त्यात दाबून भरा आणि वरचं पुसून टाका. नख अडकत असेल तर त्यात ऑलिव्ह वाढू नका, फटीत गेलेलं तेल आणि लसूण काढता येत नाही. तो लसणाच्या गड्ड्यांना किंवा फळांना द्या.

पावसाळ्यातली बुरशी

व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात, त्यात फडकं भिजवून पुसा, साध्या पाण्यानं पुसा, पंख्याखाली सावलीत दोन दिवस. काळा डाग आत गेला असेल तर पॉलिश पेपर. जून ते सप्टेंबर बाऊल बंद कपाटात, प्लॅस्टिकमध्ये किंवा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवू नका. उघड्या फळीवर, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि आठवड्यातून एकदा तरी वापरा. माझा भेग गेलेला बाऊल गेली काही वर्षं तसाच उघड्यावर असतो, त्यात कांदे-लसूण असतात, आणि त्याला एकदाही बुरशी आलेली नाही.